तिसऱ्या दिवशी समुद्र

शंकरनगरच्या आमच्या ऑफिसात, मे महिन्यात,
कूलरच्या ओल्या खसाच्या वासात बसून
मी लोकांना बोर्दोला पाठवते.

पहिला दिवस: आगमन, गारोनच्या काठानं फेरफटका.
दुसरा: मेदोकचे द्राक्षमळे, दोन तळघरं, चाखणी. जेवण ज्याचं त्यानं.
तिसऱ्या दिवशी समुद्र.

अकरा वर्षं हेच टाइप करते आहे
आणि समुद्र पाहिलेला नाही.
झिरो माइलचा खांब इथून दोन स्टॉपवर.
तिथून कुठल्याही दिशेला निघा,
खारा वारा लागेपर्यंत
डब्यातल्या पोळ्या संपतात.

काटोलच्या इंदुमती देवतळे आल्या, सोबत नणंद सुशी.
वय विचारलं तर दोघींचं मिळून सांगितलं: एकशे एकतीस.
ब्रोशर उलटंपालटं केलं.
"हे वाडे-किल्ले राहू दे. तिथली माती कशी आहे?"
मी शोधलं. मातीचा एकही फोटो नव्हता.

परत आल्या त्या भर दुपारी,
स्कार्फ सोडायच्या आधीच सुरू.

"मुरूम आहे वं, नुसता गोटा!
अन् वेलाले पाणी देतच नाहीत.
मी त्या पोराले म्हटलं, ताण देता का?
आम्ही संत्र्याले देतो, आंबिया बहाराच्या आधी,
पानं मलूल होईस्तोवर?
दुभाषी पोरीले ताण समजावता समजावता
बस हॉर्न मारून राहिली होती.
मंग तो हसला. मूठभर गोटे उचलले
अन् माह्या हातावर ठेवले. गरम होते."

"दर ओळीच्या टोकाले गुलाब.
शोभेचा नाही बाप्पा. रोग आला का आधी त्याले लागते,
मंग बाकीच्याईले कळते.
थोरल्या सुनेवाणी."
सुशीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"नदी त्याईची दिवसातून दोनदा उलटी चालते.
समुद्र आत रेटते तिले. पाणी चहासारखं."
मला आमची नाग नदी आठवली,
ती सुलटी वाहिली तरी लोक पुलावर थांबतील.

वाइन?
"आंबट. कवठासारखी. दुसऱ्या घोटाले मात्र..."
जिभेवर शब्द फिरवून बघितला, सापडला नाही.
"माह्याही पेला हिनंच संपवला."

आणि समुद्र?

"रेतीचा डोंगर आहे तिथं.
कन्हानची सगळी रेती उपसून टाकली
तरी एवढा होणार नाही.
गुडघ्याईनं जीव घेतला. एका बाजूले चीडाचं जंगल,
दुसऱ्या बाजूले..."

इथं त्या थांबल्या.
सुशीबाईंनी पर्स उघडली,
रुमालात बांधलेला कालवाचा शिंपला काढून
माझ्या टेबलावर ठेवला. बाहेरून खडबडीत, काळपट.
आतून, उकळी यायच्या आधीच्या दुधासारखा.
"वास गेला नाही अजून," एवढंच म्हणाल्या.
पूर्ण भेटीत त्यांचं तेवढं एक वाक्य.

आता तो कागदांवर असतो.
कूलरचा झोत आला की
व्हिसाचे फॉर्म कडेनं उचलतात, खाली बसतात,
पुन्हा उचलतात.

काल पुढच्या ग्रुपचा कार्यक्रम केला.
तिसऱ्या दिवशी समुद्र.
त्यापुढे लिहिलं: दुपार मोकळी ठेवणे.

साहेब म्हणाले, मोकळी म्हणजे? दाखवायचं काय मग?
पार्टी पैसे मोजते.

मी शिंपला उचलून नाकाशी धरला.
खरंच गेला नव्हता.