तीनशे वीस नंबर

एका पौंडात तीनशे वीस गर.
वेंगुर्ल्यात पौंडानं आता कुणी काही मोजत नाही,
खोबरं नाही, सुके बांगडे नाहीत,
पण ग्रेडिंगच्या टेबलावर सत्तावीस वर्षं
मी तिकडच्या मापानं इकडचा गर लावत आलो.
त्यामुळे अमेरिकेबद्दल मला मत असणारच.
ते कुणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

बुधवारी नेरूरकर शेटनी पत्र वाचून दाखवलं.
कंटेनर थांबवा. कर वाढला. पुढचं पुढे बघू.
एवढ्याशा पत्रात ‘खेद’ दोनदा.
चाळीस बाया ऐकत होत्या,
बोटांना राख, राखेखाली चिकाचे काळे डाग,
आणि एकीचाही हात थांबला नाही,
कारण मजुरी किलोवर आहे.

रात्री ओहायोहून भाचा, शैलेंद्र.
त्याचं नाव आता तिकडच्या यादीत.
म्हटलं, तुमच्या हत्तीला सांग, पाय बघून टाक म्हणावं.
तो म्हणाला, मामा, गाढवानं तरी कुठं ओझं उचललं?
आमच्या गावातली पोलादाची भट्टी विझली
तेव्हा दोघंही आलटून पालटून खुर्चीत बसून गेलेले.
शेजारचा म्हातारा, तीस वर्षं भट्टीवर होता,
आता दुकानाबाहेर ट्रॉल्या गोळा करतो.
त्याला सांगितलंय, कर लावला की भट्टी पेटेल.
पेटली?
अजून नाही, म्हणाला,
आणि मग दोघांनाही बोलायला काही उरलं नाही,
फोन मात्र बराच वेळ चालू होता.

माझं मत तयार होतं:
कर भरणार तिकडचा खाणारा, काम जाणार इकडचं,
आणि मधे टाळ्या घेणार तिसराच.
वाक्य मला आवडलं. सकाळी स्टँडवर
कुडाळ गाडीच्या लोकांना ऐकवणार होतो.

पण कूस बदलली आणि आठवलं,
आफ्रिकेच्या बियांवर आपण कर मागितला होता,
तेव्हा मठात माझी चाळीस कलमं धरायला लागलेली,
आणि सभेत पहिल्या रांगेत
टाळ्या वाजवणारा मीच.
तिकडे बेनिनमध्ये कुणीतरी
पोती शिवून बोटीची वाट बघत बसलं असेल,
हे तेव्हा सुचलं नाही.
सुचायला मला पत्र यावं लागलं.

स्टँडवर गेलोच नाही.
टेबलावर मात्र राहवेना, हुशारी केली.
एक गर नखानं उलगडला,
म्हटलं, बघ अर्सुला, हे त्यांचे दोन पक्ष.
एका सालीतले, एका पोटाचे,
नुसती पाठ फिरवून बसलेले.

तिनं चष्म्यावरून पाहिलं.
“मुकादमानु, तो सबंध गर होतो.
तीनशे वीसचो.
तुमी त्येची पाकळी केलास.
आता भाव पडलो मां?”

बाया हसल्या. हसता हसता
कुणीतरी विचारलं, सोमवारी येवचा काय नको?
मी शेटच्या केबिनकडे पाहिलं.
तिथं पौंडाचा काटा कपाटावर चढला होता,
खाली गोव्याच्या रस्त्यावर विकायच्या
पाव किलोच्या पिशव्यांचा गठ्ठा, छापलेलं नाव अजून ओलं.

कारखान्यातला गर तोंडात टाकायचा नाही,
हा नियम मीच पाटीवर रंगवला होता.
एक पाकळी मी खाल्ली.
दुसरी अर्सुलाच्या राखाडी तळव्यावर ठेवली.
तिनं ती पुसली, उजेडात धरली,
सवयीनं डाग आहे का पाहिला,
आणि चावून चावून, सावकाश,
“गोड आसा,” म्हणाली.
“ह्या त्यांका ठावक आसा मां?”