शून्य पहा, साहेब

एकोणीस वर्षं मी हेच एक वाक्य बोलले:
शून्य पहा, साहेब.
नळी टाकीत, बोट खटक्यावर,
नजर मात्र गिऱ्हाइकाच्या नजरेवर,
कारण शून्य न पाहणाराच नंतर भांडतो.

अमरावती रोड, वाडी नाक्याच्या अलीकडे
भुतडा शेठचा पंप.
मे महिन्यात फरशीतून गोडसर वाफ निघायची
आणि समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायचा.
घरी गेले की प्रणोती माझ्या बाह्या हुंगायची,
म्हणायची, आई आली, गाडीचा वास आला.
तीन साबण बदलून पाहिले, वास गेला नाही.
आता गेला.

कधी, ते सांगता येत नाही.
तेल काही एका दिवसात संपलं नाही.
आधी टँकर दिवसाआड, मग फक्त गुरुवारी,
मग गुरुवारीच खापरीहून फोन,
"बाई, आज नाही."
रांग पार दत्तवाडीपर्यंत.
माणशी दोन लिटर, मग एक, मग कूपन,
मग कूपनावरचा शिक्का खरा की खोटा यावरून कॉलर धरणं.
एक नवरदेव मुंडावळ्या बांधून दोन तास उन्हात उभा होता,
त्याला कोणी पुढे जाऊ दिलं नाही.

एका पोरानं पाण्याची बाटली पुढे केली.
"मावशी, बूड ओलं करा फक्त,
मायले मेडिकलमध्ये न्या लागते."
मी नळी डोक्याच्याही वर धरली, झटकली.
चमचाभर पडलं असेल.
त्या चमच्याचं पुढे काय झालं,
मी कोणाला विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात
काटोल-नरखेडचा संत्रा दिल्लीला जाईना.
पहिल्या प्रतीचा, तळहातात न मावणारा,
जो आम्ही फक्त ट्रकच्या पाठीवर पाहिला होता,
तो कळमन्यात ढिगानं पडला.
अंकुश निनावे साल फेकत म्हणाला,
"इतके दिवस आपल्याले चिल्लरच खाऊ घालून राह्यले होते बे!"
आठ दिवस संत्री खाल्ली, जेवणाऐवजी.
नवव्या दिवशी तोंड आलं.
आणि मिठाचा भाव तेव्हा विचारू नका.

सिलिंडर गेलं, सिगडी आली,
भिंती काळ्या झाल्या, खोकला सगळ्यांचा एकसारखा झाला.
किराणावाला म्हणतो, डबा आणा, नाहीतर ओंजळ करा.
निनावे आता पहाटे सायकलवर तर्री-पोहे विकतो,
गाडीपेक्षा बरं, म्हणतो, आणि पाय चोळतो.

झिरो माइलचे चार घोडे तसेच उधळलेले,
त्यांना कधी काही लागलंच नाही.
खाली दगडात गावांची नावं आहेत, त्यात चांदा आहे.
प्रणोती तिथेच दिली.
पूर्वी निनावेची गाडी घेऊन सकाळी निघालं
की दुपारचं जेवण तिच्या हातचं.
रेल्वे विजेवर चालते, पण तिकिटाचा नंबर महिन्यानं लागतो.
फोनवर नातीला मी विचारलं, आजी कशी दिसते, आठवते का?
ती म्हणाली, आवाजासारखी.

पंप बंद झाला. दरफलकावर शेवटचा आकडा तसाच आहे,
त्यातला एक आठ वाऱ्यानं खाली लोंबतो.
मला ठेवलं ते हवेसाठी.
"हवा मोफत" ही पाटी जुनीच,
पण आता तिच्यासमोर रांग असते:
सायकली, हातगाड्या, दूधवाल्याची तीनचाकी.

दर रविवारी काळबांडे सर येतात,
दाभ्याहून, स्कूटर ढकलत, घामाघूम.
टाकी कोरडी आहे, सांगतात,
पण उभी राहून चाकं बसतात हो.
पुढचं, मागचं, स्टेपनीसुद्धा.
मी नळी लावते, बोट खटक्यावर,
आणि तोंडातून निघूनच जातं.

ते खरंच वाकून पाहतात.
"पाहिलं," म्हणतात.
मग स्कूटर वळवून
रिकाम्या रस्त्यावर लागताना
उजवा हात लांब करून दाखवतात.