पहिली ओळ

डंडी शहर, साल एकसष्ट, नोव्हेंबर.
दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेले.
फार्कर आणि मुलगे, श्रवणयंत्रांचे विक्रेते, दुसरा मजला;
खालच्या बेकरीचा वास जिना चढून वर येतो.
ऊना गेडिसच्या टाइपरायटरमध्ये कोरा कागद.
शुक्रवारपर्यंत हजार पत्रं पोस्टात पडायला हवीत
आणि पहिली ओळ पडत नाही.

थोरले मालक म्हणाले होते, आपल्यापासून सुरू कर.
‘चव्वेचाळीस वर्षांच्या अखंड सेवेनंतर...’
तिनं वाचून पाहिलं.
चव्वेचाळीस वर्षांचं लोणचं घालायचंय का कुणाला?
धाकटे म्हणाले, यंत्रापासून. ‘वजन अक्रोडाएवढं, आत चार ट्रान्झिस्टर.’
चार का, तीन का नाहीत,
हे विचारायला तरी कोण थांबणार?
‘प्रिय महोदया, आपल्याला ऐकू येत नाही का?’
हे तर सरळ कानफटात मारणं.
तिसरा कागदही टोपलीत.

मग तिनं खालचा खण उघडला.
परत आलेली यंत्रं, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
कारण: अमुक.
कारण: बॅटरी परवडत नाही.
कारण: शिट्टी वाजते, कुत्रा पलंगाखालून बाहेर येत नाही.
कारण: सून काय बोलते ते कळलं. नको.
ऊना एकटीच हसली.
आणि लॉकीच्या मिसेस इसोबेल क्रॉम्बी, अक्षर शाळेतल्यासारखं:
मिस्टर क्रॉम्बी मार्चमध्ये गेले.
आता घड्याळ तेवढं ऐकू येतं,
आणि ते चालू आहे हे मला बघूनही कळतं.

ऊनाची आई एकतीस वर्षं तागाच्या गिरणीत,
मागांच्या खडखडाटात कान देऊन बसलेली.
तिथं बायका ओठांवरून बोलत, बोटांवरून भांडत.
घरी बाबा किटली ठेवत, कारण काम आईलाच होतं.
गेल्या रविवारी बाबा खिडकीशी उभे होते.
म्हणाले, बर्फ पडेलसं दिसतंय.
आई पाठमोरी, बटाटे सोलत होती.
‘काय म्हणालात?’
‘जाऊ दे. काही विशेष नाही.’
महत्त्वाचं असतं तर ते ओरडले असते.
महत्त्वाचं ते ओरडतातच:
गॅसचं बिल, डॉक्टरची वेळ, कुणाचं मरण.

ऊनानं चौथा कागद चढवला.
‘तुमच्याशी बोलताना घरातलं कुणी
हल्ली “जाऊ दे, काही विशेष नाही” म्हणतं का?’

थोरले मालक पत्र हातात घेऊन बराच वेळ उभे.
‘यात यंत्र कुठाय?’
‘तिसऱ्या परिच्छेदात.’
‘आणि आम्ही?’
‘सहीत.’
त्यांनी पेन्सिल काढली, एक स्वल्पविराम हलवला,
परत होता तिथंच ठेवला.
त्या संध्याकाळी ते रोजच्यापेक्षा लवकर घरी गेले;
कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

पत्रं नऊशे नव्याण्णवच गेली.
यादीतलं लॉकीचं एक कार्ड ऊनानं बाजूला काढलं होतं.
त्यांना काही विकायचं नव्हतं,
म्हणून तर हात अडला.
दिवे मालवायची वेळ झाली, बेकरी बंद झाली,
तेव्हा तिनं शाईनं, हातानं लिहिलं:
‘प्रिय मिसेस क्रॉम्बी,
आज बर्फ पडेलसं वाटत होतं.
पडला नाही.’