शून्य ते दहा

पहिल्या भेटीत मी आर्गिरिसला विचारलं,
झोप कशी लागते, शून्य ते दहा?
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
तिथं पाहण्याजोगं काही उरलं नव्हतं,
म्हणून पुन्हा माझ्याकडे.
म्हणाला, कुणाला? मला, की डोंगराला?

मी लिहिलं : उत्तर दिलं नाही.

एव्हिया बेटाच्या उत्तरेला, शाळेच्या एका वर्गात
माझं टेबल, अथेन्सहून आणलेले एकवीस प्रश्न
आणि कागदी रुमालांचा खोका, कुणी न फोडलेला.
इथली माणसं पाइनची राळ काढणारी.
सालीला खाच, खाली पिशवी,
झाड मरणार नाही इतकंच घ्यायचं.
हा हिशेब त्यांच्या मनगटात होता;
मी त्याचं लांबलचक नाव तेवढं पाठ केलं होतं.

ऑगस्टात नऊ दिवस आग.
आर्गिरिसची बायको स्मारो तेव्हापासून गॅस पेटवत नाही.
काडी ओढल्याचा आवाज आला
की तिचे हात आधी ओलं फडकं शोधतात,
मग तिला कळतं, आपण घाबरलोय.
याला माझ्याकडे शब्द आहे.
शब्दावर कॉफी उकळत नाही.

पुढे सरकारनं त्यांनाच मजुरीवर घेतलं :
जळके ओंडके उतारावर आडवे रचायचे,
पावसात माती समुद्राला जाऊ नये म्हणून.
फॉर्म घेऊन मीही मागून चढले.
आर्गिरिस कोळसा झालेल्या खोडावरून हात फिरवी.
"ही खाच बापाची. डावखुरा होता."
आणि करवत सुरू करी.
आमच्याकडे काही वर्षांनी कबर उघडून
हाडं वाइननं धुतात.
तसेच ते डोंगर सावडत होते,
शिव्या देत, पाठ धरून, भाकरी मोडून खात.
पाचव्या दिवशी कोणीतरी हसलं.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

पाइनचे काही शंकू आगीच्या धगीनंच उघडतात
आणि बी सांडतात, हे मला ठाऊक होतं.
मी बोलले नाही.
दुःखाचा फायदा समजावणारे
गावात आधीच पुष्कळ येऊन गेले होते.

मार्चमध्ये पुन्हा तेच प्रश्न.
झोप?
आर्गिरिस म्हणाला, "वावभर जागेत चाळीस.
बोटाएवढी. शेळ्या शिरल्या नाहीत तर दहा जगतील.
राळ द्यायला तीस वर्षं."
मग गप्प झाला. तो एकसष्टचा आहे.
वजाबाकी आम्ही दोघांनीही केली,
बोललं कुणीच नाही.

स्मारोनं कॉफी आणली,
गार पाण्यात घुसळलेली. अजून गारच.

"चार," तो म्हणाला, "झोपेला चार."
मी लिहिलं.
दारापर्यंत गेला, वळला :
"वारा सुटला की तीन."
मी चार खोडलं नाही.
शेजारी, समासात, वारा लिहिला.