आपल्या गावात

खडेबाजारात, साडीच्या दुकानावर
दीड खोलीचं आमचं केबल चॅनेल.
सातला कन्नड, साडेसातला मराठी,
मध्ये गादी कारखान्याची जाहिरात,
आणि दोन्ही बातम्यांच्या मागे एकटे भूपालअण्णा शिरगुप्पे.

आधी ते धारवाडला, रेडिओत.
बाजारभाव वाचायचे.
सांगायचे, मिरचीचा भाव वाचताना आवाज पडू द्यायचा नाही,
संकेश्वरात कुणीतरी ताटावरून उठतं.

माझ्या पहिल्या बातमीवर त्यांची शिसपेन्सिल फिरली.
'प्रचंड' गेलं. 'हृदयद्रावक' गेलं.
मग शहराचं नावच खोडून वर लिहिलं:
आपल्या गावात.
मला वाटलं, म्हातारा भितो.
तेव्हा एका वेलांटीवरून काचा फुटत होत्या,
आमच्या, आणि कारण नसताना साडीवाल्याच्याही.

एका नोव्हेंबरात मोर्चा पांगला.
पोलीस म्हणाले तीनशे, पुढारी म्हणाले दहा हजार.
अण्णा म्हणाले, जा की, चपला मोजून ये.
एकशे बेचाळीस.
एकोणीस लहान पोरांच्या,
एक बूट, लेस बांधलेली तशीच.
दोन्ही भाषांत त्यांनी तेवढंच दिलं.
रात्रभर फोन.
एकानं पोटभर शिव्या घालून झाल्यावर
हळूच विचारलं,
त्यात आठ नंबरची कोल्हापुरी हाय काय हो?

चॅनेल विकलं. आता बातम्या बेंगळुरातून येतात,
तबल्यासारख्या वाजत.

परवा शहापुरात त्यांच्याकडे गेलो.
आतून काकू कन्नडात ओरडल्या, नळाला पाणी आलं,
अण्णांनी मराठीत ओ दिली आणि घागर उचलली.
पाणी दहा दिवसांनी आलेलं,
बोलायला सवड नव्हती, तरी विचारलंच:
इतक्या वर्षांत नाव एकदाही घेतलं नाहीत?

ते धारेकडे बघत राहिले.
चॅनेलच्या पहिल्या वर्षी, म्हणाले,
स्टँडवर एक पोर सापडलेली. चारेक वर्षांची.
कुठली गं? तर म्हणे, आपल्या गावची.
मराठीत विचारलं तरी तेच, कन्नडात विचारलं तरी तेच.
मग तशीच बातमी लावली.
तासाभरात सात गावची माणसं जिन्यात.

आणि आई?

ती आठव्या.

घागर भरली होती.
माझ्या हातात देत म्हणाले,
बघून जा, उंबऱ्याला सांडतं.