काड्या

कस्टमर केअरची पोरगी पुण्याची असावी.
"मी बोलतो, मंगळवार पेठेतनं," म्हटलं
तर म्हणाली, "हो सर, सांगा सर."
आमच्यात बायका अशाच बोलतात गं, म्हणणार होतो,
तोवर तिनं होल्डवर टाकलं.

शेवटी पोरगाच म्हणाला, आई, डबा उलटा कर.
उलटा केला. पोटावर चिकटवलेला कागद,
त्यावर पालीचं एक अंडं
आणि मुंगीएवढे आकडे.
मी चष्मा लावून वाचले, त्यानं माझ्या फोनवर टाईप केले:
एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक.
आपल्याच घराचा पत्ता म्हणे, आतल्या बाजूचा.
एवढं करून तो क्लासला पळाला.

ब्राउझर म्हणाला, ही जागा सुरक्षित नाही. पुढे जायचंय?
माझ्याच कपाटावरचा डबा,
दर शुक्रवारी त्याच्यावरनं फडकं फिरवतो मी.
पुढं, म्हटलं.
नाव अ‍ॅडमिन. पासवर्ड पण अ‍ॅडमिन.
कुलूप लावायचं आणि किल्ली त्यालाच लटकवायची.

संध्याकाळी सात वाजले की नेट
काहिलीतल्या गुळागत घट्ट होतं.
निपाणीच्या गिऱ्हाइकाला ब्लाऊजचा गळा दाखवत असतो,
तिथंच ती थिजते, तोंड उघडं.
हे म्हणाले, कोणतर खातंय आपलं.
शोध आणि हाण ब्लॉक.
म्हणाले आणि मोरीत गेले, फौंड्रीची वाळू धुवायला.

जोडलेली यंत्रं: सात.
माझा फोन. ह्यांचा. पोराचा लॅपटॉप. टीव्ही.
एक नुसतेच आकडे, तो जिन्यातला कॅमेरा,
वाटणीनंतर ह्यांनी लावलेला, त्यांच्या दाराकडं तोंड करून.
मग रणधीर-नऊ.
मग मृण्मयी-टॅब.

नऊ नंबर.
तालमीच्या संघातनं खेळायचा भावजी,
त्या जर्सीवरचा नऊ मीच शिवलेला,
उरलेलं पिवळं कापड अजून खणात हाय.

भिंत पण नऊ इंची.
हॉलच्या मधोमध, पंख्याच्या अंगावरनं गेली.
पंखा आमच्याकडं आला, हूक त्यांच्याकडं राहिला.
वकिलाच्या कागदात सगळं हाय,
जिना, माळा, बोअरचं पाणी दिवसाआड.
नेटचं लिहायचं राहिलं.
पासवर्ड त्यानंच टाकलेला, विटा यायच्या आधी.
आम्ही बदलला न्हाई. आम्हाला येत नव्हतं,
का आणि काय, ते राहू दे.

रणधीरच्या नावापुढं रेंजच्या दोन काड्या.
नऊ इंचातनं जाऊन एवढंच उरत असणार.
घरात काड्या कुणी केल्या
ह्यावर अजून भांडण हाय,
पण ह्या दोन कुणी केलेल्या न्हाईत.

बाजूला लाल बटण, ब्लॉक.
खाली आणखी एक,
पाहुण्यांसाठी वेगळं नेट चालू करा.
पाहुणे.
मृण्मयी पहिली चालली ती ह्याच फरशीवर,
चार पावलं, मग माझ्या साडीला लोंबकळली.
त्यातली दोन आता भिंतीखाली असतील.

मी फक्त अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला.
ही यादी ह्यांना परत दिसू नये, एवढंच.
चिठ्ठीवर लिहून बॉबिनच्या डब्यात टाकला,
तो डबा माझ्याशिवाय कुणी उघडत न्हाई.
सेव्ह केलं आणि राउटरचे सगळे दिवे गेले.

पलीकडनं पोरगी ओरडली,
"पप्पा, नेट गेलं!"
आणि दोन वर्षांत पहिल्यांदा
भिंतीतनं त्याचा आवाज, शब्दन् शब्द:
"दम धर. वहिनी बघत्यात."

हे टॉवेल लावून आले.
सापडला काय चोर?
कॅमेरा खात हुता, म्हटलं.
उद्या काढून टाका.