खारी

सोहार बंदराच्या मागं, वर्कशॉपं संपून वाळू लागते
तिथं सापडली ती इरावतीला. एक कान अर्धा तुटलेला.
चहात बुडवलेली खारी तेवढी खाल्ली, एका घासात,
म्हणून नाव खारी.
नऊ वर्षं झाली. इरावती आता सांगलीला, क्लासला.
तिची आई तिच्याजवळ.
मी इथं जहाजांना दोरखंड, रंग आणि कांदे पुरवतो
आणि संध्याकाळी घरी येऊन
एका कुत्रीला वाढतो.

डॉक्टर इल्हाम सुदानच्या. फिल्मवर पेनाचं टोक टेकवून म्हणाल्या,
प्लीहा. मग जरा वर सरकून, लिव्हरही.
शाळेत मी ती आकृतीत रंगवली होती, जांभळी,
तीन मार्कांना.
किती दिवस, विचारलं
तर त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर उगाच सरळ केलं.

तेव्हापासून स्वयंपाक शिकलोय.
कोंबडीचं पाणी. दहीभात, बिनमिठाचा.
सुरमईचं डोकं, काटे एकेक चाचपून काढलेलं.
मासळीवाला हमूद कुत्र्यासाठी म्हटल्यावर नाक मुरडतो
आणि दोन तुकडे जास्त टाकतो.
भुकेची गोळी चीजमध्ये लपवतो मी,
चीज राहतं, गोळी राहते.

ती येते. वाटीशी उभी राहते, रीत म्हणून.
हुंगते. माझ्याकडं बघते,
आग्रहाला कंटाळलेले पाहुणे बघतात तशी.
मग जाऊन पडते फरशीवर, एसी ठिबकतो तिथं.

अन्नावरची वासना उडाली, असं आपल्यात म्हणतात.
इतकी वर्षं हा शब्द मी नीट ऐकलाच नव्हता.
वासना. तिच्यात आधी वास आहे.
जिला सगळं वासानं कळायचं,
माझ्या बुटांतलं डिझेल,
शुक्रवारी कुणाकडं बिर्याणी,
इरावतीची कपाटातली जुनी ओढणी,
तिचा वासच गेला की काय?
की वास येतोच,
नुसतं त्याच्यामागं जावंसं वाटत नाही?

काल वाटी अंगणात तशीच राहिली.
भिंतीवर कावळा आला. आपलाच, मानेला राखाडी,
याचेही पूर्वज म्हणे जहाजानंच आले.
इकडंतिकडं न बघता उतरला
आणि सुरमईचा तुकडा उचलला.
पहिल्या फेरीत.

वडिलांच्या दहाव्याला आम्ही दोन तास ताटकळलो होतो.
काकांनी एकेक वचन दिलं, जमिनीचं, बहिणीच्या लग्नाचं,
शिवला नाही.
आणि हा इथं, न बोलावता.

मी चप्पल फेकली. दुसरीही फेकली.
तापल्या लादीवर अनवाणी नाचत ओरडलो,
अजून आहे ती! अरे, अजून आहे!
शेजारच्या उम्म राशिद खिडकीत आल्या,
बघितलं, पडदा सोडला.
रात्री त्यांचा धाकटा फाटकाशी डबा ठेवून पळाला,
उकडलेली कोंबडी, हाडं काढून.
नऊ वर्षांत त्या घरानं खारीला कधी हात लावलेला नाही.

इरावतीचा फोन येतो. दाखव ना खारीला.
दाखवतो, झोपलेली.
उन्हाळा लागलाय, म्हणतो, सुस्तावलीय.
जेवली?
जेवली.
रविवारी तिची नीट आहे.
जीवशास्त्रात प्लीहा असेलच.

आज फजरच्या अजानीआधी,
वाळू तापायच्या आत, तिला समुद्रावर नेलं.
उचलूनच. कांद्याच्या छोट्या गोणीएवढी झालीय.
हवा दमट. मनगटापर्यंत घाम.
आज मी काही आणलं नव्हतं, डबा नाही, गोळी नाही.
बसलो होतो नुसता, तिला मांडीशी घेऊन,
लांब नांगरलेल्या जहाजांचे दिवे मोजत.

तिनं मनगट चाटलं. थांबली.
परत चाटलं.
मग तळहात, मग बोटांच्या बेचक्या, मन लावून,
कोरड्या, खरखरीत जिभेनं.

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात,
त्यात मीठ कुणाचं आणि जागायचं कुणी,
मला काही ठरवता येईना.
हात तसाच धरून ठेवला,
मुंग्या आल्या तरी.